मंदी, मुदत आणि मात्रा : एक प्रस्तावना

शेअरबाजारात तेजी असते तेव्हा कोणी कोणाला फारसे विचारीत नाही. परंतु निर्देशांक आठवड्यामागून आठवडा उतरू लागला, म्हणजे इतवारीतील पेढीवर, सीताबर्डीच्या दलाली कचेरीत आणि मिहानमधून घरी परतणाऱ्या तरुणांच्या संभाषणांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकू येऊ लागतो : बाजार अजून किती खाली जाईल? हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर कोणाजवळही नाही. प्रस्तुत पुस्तिका ज्या प्रश्नासाठी लिहिली आहे तो याहून अधिक रुक्ष, आणि माझ्या मते अधिक उपयुक्त आहे. उतरत्या बाजारात निफ्टीसारख्या निर्देशांकावर चार-दोन दिवसांचा किंवा फार तर आठवडा-दोन आठवड्यांचा सौदा करावयाचाच झाला, तर तो किती मात्रेचा असावा, कोणत्या क्षणी तो चुकला असे मानावे, आणि चुकल्यास घरातील कोणत्या रकमेला धक्का लागेल, या गोष्टींचा निर्णय सौद्यापूर्वी कसा करावा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. पुढील प्रकरणांत आकडेमोड बरीच आहे; म्हणून तिच्यामागील विचार, आणि या व्यवहाराचे आपल्या प्रदेशाशी असलेले जुने नाते, येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

वायद्याचा व्यवहार नागपूर-वऱ्हाडला नवा नाही. हिंगणघाट, अमरावती, खामगाव, अकोला या पेठांतील कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलकडे जाऊ लागला आणि येथल्या काळ्या जमिनीत पिकलेल्या बोंडाचा भाव समुद्रापलीकडच्या बाजारात ठरू लागला, तेव्हापासून माल हाती येण्यापूर्वी भाव बांधून ठेवण्याची निकड येथील अडत्याला आणि मुंबईच्या निर्यातदाराला सारखीच भासू लागली. वऱ्हाडी कापसाला तिकडच्या व्यापारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत, इतका तो परिचित होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानी कापसाच्या मोबदल्यात मुंबईत जो पैशाचा लोंढा आला त्यातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे शेअर काढण्याची जणू स्पर्धाच लागली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. कापसाचा भाव कोसळला. आणि १ जुलै १८६५ ही जी वायद्याचे सौदे पुरे करण्याची तारीख होती ती उजाडली तेव्हा घेणाऱ्यांपाशी पैसा नव्हता आणि देणाऱ्यांच्या शेअरांना किंमत नव्हती. बँक ऑफ बाँबेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो पुढे ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली.

या प्रसंगाची चर्चा लोभाच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. मला त्यातील दुसरे एक अंग महत्त्वाचे वाटते. युद्ध केव्हातरी संपणार, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही एका इसमाने आपल्या ऐपतीच्या मानाने किती रकमेचा वायदा करावा, याला मर्यादा घालणारी वहिवाट नव्हती आणि तशी बुद्धीही उरली नव्हती. त्यामुळे भविष्याविषयी ज्यांचा अंदाज बरोबर होता असे लोकही, समोरचा पक्ष बुडाल्यामुळे, त्याच्याबरोबर बुडाले. दिशेचे ज्ञान आणि मात्रेचे भान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि संकटाच्या वेळी दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग होत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

कापसाने आलेला पैसा नागपुरात पुढे गिरणीच्या रूपाने स्थिरावला. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली, आणि शेअर म्हणजे काय, लाभांश म्हणजे काय, हे नागपूरकरांना घरबसल्या कळू लागले. याहून कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की १९४० मध्ये ‘नागपूर स्टॉक एक्स्चेंज लिमिटेड’ या नावाने शेअरबाजाराची संस्थाही या शहरात निघाली होती. त्या सुमारास देशात ठिकठिकाणी असे बाजार निघत होते. परंतु १९५६ चा सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट १९५७ मध्ये अमलात आला आणि केंद्र सरकारने ज्या मोजक्या बाजारांना मान्यता दिली त्यांत मुंबई, कलकत्ता, मद्रास, अहमदाबाद, दिल्ली, हैदराबाद आणि इंदूर यांचा समावेश झाला, नागपूरचा झाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपद गेले, त्याची हळहळ अद्याप कानी येते. शेअरबाजार गेला त्याची कोणी करीत नाही. मला मात्र ते नुकसान लहान वाटत नाही. बाजार ज्या गावात असतो तेथे केवळ खरेदी-विक्री होत नाही. तेथे जुन्या दलालांची एक मंडळी असते, जी गिऱ्हाइकाची ऐपत ओळखते आणि प्रसंगी ‘एवढा सौदा तुम्हाला झेपणार नाही’ असे तोंडावर सांगते. नागपूरकराच्या हाती बाजार पुन्हा आला तो संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आला, आणि त्या पडद्यामागे असे सांगणारे वडीलधारे माणूस नव्हते. या पुस्तिकेची गरज मला भासली ती येथे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. रोख्यांतील विकल्पांचे, म्हणजे ऑप्शन्सचे, सौदे, ज्यांना जुन्या बाजारात ‘तेजी-मंदी लावणे’ म्हणत, ते वर उल्लेखिलेल्या कायद्याच्या २० व्या कलमाने निषिद्ध होते. शेअरांच्या वायद्यांवर १९६९ मध्ये मनाई आली. तथापि ‘बदला’ या नावाने मुदतीचा व्यवहार पुढे चालूच राहिला आणि १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतरही तो वरचेवर डोके वर काढीत असे. १९९५ मध्ये २० वे कलम रद्द झाले, या सौद्यांचा विचार करणाऱ्या एल. सी. गुप्ता समितीने १९९८ मध्ये आपला अहवाल दिला, १२ जून २००० रोजी निफ्टीचे फ्युचर्स आणि ४ जून २००१ रोजी निफ्टीचे ऑप्शन्स सुरू झाले, व जुलै २००१ मध्ये बदला कायमचा बंद झाला. ३ नोव्हेंबर १९९५ चा पाया १,००० अंश धरून मोजला जाणारा निफ्टी हा निर्देशांक पन्नास मोठ्या कंपन्यांचा आहे, आणि त्याचा सौदा करणारा माणूस एखाद्या कंपनीच्या चोरट्या हिशेबापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु सबंध जगाची बातमी ज्या दिवशी एकाच वेळी वाईट असते त्या दिवशी पन्नासही कंपन्या एकदमच उतरतात, आणि मंदी म्हणजे अशाच दिवसांचा काळ.

आता मुख्य विषयाकडे वळतो, आणि तो तत्त्वांच्या रूपाने मांडण्याऐवजी एका दिवसाच्या रूपाने मांडतो. २७ सप्टेंबर २०२४ रोजी २६,२७७ अंशांपर्यंत गेलेला निफ्टी त्यानंतर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने उतरला; मार्चमध्ये थोडा सावरला; आणि एप्रिलच्या आरंभी अमेरिकेने आयातकरांची घोषणा केल्यावर शुक्रवार, ४ एप्रिल २०२५ रोजी २२,९०४ वर बंद झाला. समजा, धरमपेठेतील एका गृहस्थाने ‘पाच महिन्यांची मंदी झाली, आता बाजार फिरेल’ असा विचार करून त्या शुक्रवारी शेवटच्या भावाने निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट घेतला. त्या वेळी लॉट ७५ चा होता. म्हणजे सौद्याचे मूल्य १७ लाख रुपयांवर गेले, आणि त्यासाठी दोन-सव्वादोन लाखांचे मार्जिन तारण म्हणून ठेवावे लागले असेल. गृहस्थ सावध आहे. त्याने २०० अंश खाली स्टॉपलॉस ठरवला आहे, म्हणजे चुकल्यास १५ हजार रुपये जातील अशी तजवीज केली आहे. सोमवारी, ७ एप्रिलला, बाजार उघडला तोच २१,७५८ वर. मधले १,१४६ अंश कोणालाही कोणत्याही भावाने सौदा कापण्याची संधी न देता निघून गेले होते. पंधरा हजारांची तजवीज केलेल्या माणसाचे एका क्षणात जवळजवळ ८६ हजार रुपये गेले, आणि यात त्याच्याकडून आज्ञाभंग झाला नाही, हलगर्जीपणा झाला नाही, विलंबही झाला नाही. स्टॉपलॉस ही विक्रीची सूचना आहे; भावाची हमी ती देत नाही.

त्याच सकाळी दुसरा एक तरुण, हे सारे पाहून, ‘आता बाजार कोसळणारच’ या खात्रीने उघडताच निफ्टी शॉर्ट करतो. त्याची दिशा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांशी जुळणारी आहे. सारे जग त्याच्या बाजूने बोलत आहे. तो दिवस निर्देशांकाच्या इतिहासात मोठ्या पडझडीचा म्हणून नोंदला गेला, आधीच्या बंद भावाशी तुलना करता ७४२ अंशांची घसरण झाली. आणि तरीही बाजार बंद झाला तो २२,१६१ वर, म्हणजे त्या तरुणाने विकलेल्या भावाच्या ४०० अंश वर. एका लॉटवर त्याचे ३० हजार रुपये गेले. पडझडीच्या दिवशी शुक्रवारचा तेजीवालाही बुडाला आणि सोमवारचा मंदीवालाही बुडाला. मंगळवारी, १५ एप्रिलला, निफ्टी २३,३२८ वर होता. शुक्रवारच्या गृहस्थाचा अंदाज दहा-अकरा दिवसांच्या मुदतीत अक्षरशः खरा ठरला होता, परंतु ज्याने ८६ हजारांच्या खड्ड्यात, वाढीव मार्जिनच्या तगाद्याखाली, तेवढे दिवस सौदा उभा ठेवला असेल असा माणूस क्वचितच सापडेल.

वाचकाने या हिशेबावर थोडा वेळ थांबावे अशी माझी इच्छा आहे. कारण पुस्तिकेतील बहुतेक प्रकरणे याच हिशेबाचे निरनिराळे पैलू आहेत. मंदीची खूण ही की तीत निर्देशांक एकाच दिशेने उतरत नाही; तो उतरतो, आणि मधूनमधून इतक्या त्वेषाने उसळतो की तेजीच्या काळातही तशी उसळी क्वचितच दिसते. १३ मार्च २०२० च्या शुक्रवारी निफ्टी उघडल्यावर काही मिनिटांतच १० टक्क्यांच्या खालच्या मर्यादेला जाऊन टेकला, व्यवहार पाऊण तास तहकूब झाला, ८,५५५ चा तळ नोंदला गेला. आणि त्याच दिवशी दुपारी तो आदल्या दिवसाच्या भावाच्या वर, ९,९५५ वर बंद झाला. त्यानंतर दहा दिवसांनी, २३ मार्चला, एकाच दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला. ज्याला ही मंदी दिसत होती त्याचे मत पहिल्या दिवशीही खरे होते आणि शेवटच्या दिवशीही खरे होते; मधल्या दिवशी तो निर्धन झाला असता.

आणखी एक उदाहरण मंदीवाल्याने कधीही विसरू नये. २००८ च्या पडझडीनंतर बाजार सावरत होता, निवडणुका चालू होत्या, आणि १५ मे २००९ च्या शुक्रवारी निफ्टी ३,६७१ वर बंद झाला. शनिवारी मतमोजणी झाली. सोमवारी, १८ मे रोजी, निर्देशांक वरच्या मर्यादेला जाऊन भिडला, पुन्हा उघडल्यावर पुन्हा भिडला, आणि दिवसभराचा व्यवहारच बंद करण्यात आला. सबंध दिवसात प्रत्यक्ष सौदे झाले ते एका मिनिटाहून कमी काळ. निफ्टी १७ टक्क्यांवर वाढला होता आणि ज्यांनी शॉर्ट केले होते त्यांना सौदा कापण्यास वावच मिळाला नाही.

या आणि अशाच मोठ्या उलथापालथींच्या तारखा मांडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. १७ मे २००४, २१ जानेवारी २००८, १८ मे २००९, ९ मार्च २०२०, २३ मार्च २०२०, ७ एप्रिल २०२५ : हे सारे सोमवार आहेत. यात गूढ काही नाही. सरकारे आपले निर्णय, देश आपली भांडणे आणि निवडणूक आयोग आपली मतमोजणी यांना शनिवार-रविवारची सुट्टी मानीत नाहीत; बाजार मात्र शुक्रवारी साडेतीन वाजता मिटतो तो सोमवारी सव्वानऊलाच उघडतो, आणि मधल्या दोन दिवसांची साठलेली बातमी एका क्षणात भावात उतरते. साऱ्याच पडझडी सोमवारी होतात असे मी म्हणत नाही. ४ जून २०२४ ला निफ्टी सुमारे सहा टक्के पडला तो मंगळवार होता. परंतु मंदीच्या काळात शुक्रवारी सायंकाळी ज्याच्या वहीत संरक्षणाशिवाय उभे फ्युचर्स आहेत, मग ते घेतलेले असोत की विकलेले, त्याने आपले दोन दिवस आणि आपले मार्जिन परक्यांच्या स्वाधीन केले आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. अल्पमुदतीच्या नियोजनात शुक्रवारचा प्रश्न मी पहिल्या प्रतीचा मानतो, आणि त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे ते त्यामुळेच.

मात्रेचा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला येईल इतका सोपा आहे. करणारे थोडे आहेत. कोणाजवळ या व्यवहारासाठी वेगळे काढलेले पाच लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात त्यांतील दोन टक्क्यांहून अधिक गमावू नये असा त्याचा संकल्प आहे, असे धरू. दोन टक्के म्हणजे दहा हजार; ७५ च्या लॉटला ते १३३ अंश पुरतात. आता बाजार एका दिवसात साधारण किती हलेल याचा अदमास घ्यावा. त्यासाठी ‘इंडिया व्हीआयएक्स’ हा आकडा, जो निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांवरून काढतात आणि जो बाजाराच्या धास्तीचे माप मानला जातो, त्याला १६ ने भागावे; येईल ते एका दिवसाच्या हालचालीचे ढोबळ टक्के समजावेत. व्हीआयएक्स २४ असेल तर दीड टक्का, म्हणजे २२,००० च्या निफ्टीवर ३३० अंश. ज्या बाजाराचा नित्याचा श्वासच ३३० अंशांचा आहे त्यात १३३ अंशांवर ठेवलेला स्टॉपलॉस मताच्या खरे-खोटेपणाशी संबंध न ठेवता उडणार, हे उघड आहे. तेव्हा पाच लाखांच्या माणसाने अशा काळात फ्युचर्सचा एक लॉटदेखील करू नये, असा निष्कर्ष गणितातूनच निघतो. त्यासाठी कोणा पंडिताची गरज नाही. लॉटचे आकडे वेळोवेळी बदलले आहेत, पुढेही बदलतील. वाचकाने चालू लॉट घालून हाच हिशेब पुन्हा करावा. आणि या मापावरही विसंबून राहू नये. कारण ४ एप्रिल २०२५ रोजी व्हीआयएक्स १४ च्या आत होता, म्हणजे तो दिवसाला सुमारे २०० अंश सांगत होता, आणि पुढचाच व्यवहाराचा दिवस १,१४६ अंश खाली उघडला.

यावर कोणी म्हणेल, फ्युचर्स नकोत तर पुट, म्हणजे ठरल्या भावाने विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन, घ्यावा. नुकसान दिलेल्या प्रीमियमपुरतेच राहील. हे खरे आहे, आणि मंदीत छोट्या भांडवलाच्या माणसाला हाच मार्ग अधिक योग्य आहे. पण पुट हा विम्याच्या पॉलिसीसारखा आहे, आणि गावात आग लागल्यावर पॉलिसी घेऊ गेलेल्याला तिची किंमत तिप्पट पडते. बाजार कोसळला की व्हीआयएक्स चढतो आणि पुटचा प्रीमियम फुगतो. पुढे बाजार हळूहळू आणखी खाली आला तरी धास्ती ओसरल्यामुळे आणि मुदत संपत आल्यामुळे तो प्रीमियम आटतो, आणि दिशा बरोबर असलेल्या माणसाच्या हाती शेवटी काहीच उरत नाही. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात व्हीआयएक्स ८० च्या वर गेला होता. त्या आठवड्यात पुट घेणाऱ्यांनी भीतीची सर्वांत चढी किंमत मोजली. म्हणून एक पुट घेऊन त्याखालचा दुसरा विकण्याची, म्हणजे स्प्रेडची, रीत या पुस्तिकेत विस्ताराने दिली आहे : समजा २२,००० चा पुट घेतला, २१,८०० चा विकला, आणि फरकाचे ७० अंश दिले, तर ७५ च्या लॉटवर जास्तीत जास्त ५,२५० रुपये जातील आणि जास्तीत जास्त ९,७५० येतील. सोमवार कसाही उगवला तरी हे दोन आकडे बदलत नाहीत. लाभ मर्यादित असतो हे खरे. पण जो माणूस सोमवारी सकाळी किती जाईल हे शुक्रवारी रात्री लिहून ठेवू शकतो, त्याच्याच बाबतीत नियोजन हा शब्द वापरता येईल. याच्या उलट, साप्ताहिक मुदतीच्या शेवटच्या दिवशी नुसते ऑप्शन विकून बसणे, ज्यात रोज थोडे मिळते आणि एके दिवशी सारे जाते, ते मंदीच्या काळात कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिहून ठेवणे, हा शब्द मी हेतुतः वापरला आहे. आपल्याकडे पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या होती. दिवसाचा मेळ बसल्याशिवाय मुनीम घरी जात नसे. निर्देशांकाचा सौदा करणाऱ्यानेही आदल्या रात्री, बाजार मिटलेला असताना आणि मन शांत असताना, आपण काय करणार हे वहीत लिहावे : कोणत्या भावाला घेणार किंवा विकणार, कोणत्या भावाला माघार, किती दिवसांनी भाव जागचा हलला नाही तरी सौदा कापणार, आणि त्या दिवसांत रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, अंदाजपत्रक किंवा मतमोजणी येते की काय. मुदतीची माघार लोक लिहीतच नाहीत, आणि अल्पमुदतीचा सौदा दीर्घमुदतीचा होतो तो याच दारातून. तोट्यातील सौद्यात भर घालून सरासरी उतरवणे, ज्याला आज ‘ॲव्हरेज करणे’ म्हणतात, ते चांगल्या कंपनीच्या शेअरांत कदाचित क्षम्य असेल. मुदतीच्या व्यवहारात ते मूळ योजनेचा त्याग होय, आणि वहीत ते लिहिण्यास हात धजत नाही एवढ्यावरूनच त्याची परीक्षा होते.

ज्याच्या घरी शेअर आहेत आणि मंदीत त्यांचे मूल्य राखावे अशी ज्याची रास्त इच्छा आहे, त्याला निर्देशांकाचा वायदा उपयोगी पडतो. जुन्या कापूसव्यापाऱ्याची गरज आणि याची गरज एकच आहे. मात्र बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या ऑक्टोबर २०२४ च्या आदेशाने सौद्याचे किमान मूल्य १५ लाख रुपये ठरले आहे. ज्याचे शेअर सहा लाखांचे आहेत त्याने संरक्षणासाठी साडेसोळा लाखांचे फ्युचर्स विकले, तर सहा लाखांचे रक्षण झाले आणि साडेदहा लाखांचा निव्वळ मंदीचा सट्टा नकळत अंगावर आला. अशा गृहस्थाने पुट घ्यावा, नाहीतर काही शेअर विकून रोकड करावी. रोकड हेही संरक्षणच आहे, आणि त्याला मार्जिन लागत नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासाचे आकडे प्रत्येक वाचकाने पुस्तिकेत पुढे जाण्यापूर्वी मनावर घ्यावेत. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर. दलाली, कर व इतर खर्च यांतच सुमारे ५० हजार कोटी गेले. यांतील तीन-चतुर्थांश लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी असल्याचे सांगितले होते, आणि २०२३-२४ मध्ये ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. पुढच्या वर्षाचा अहवाल आला तेव्हाही तोट्यात असणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्केच राहिले, आणि त्या एका वर्षातील तोट्याची रक्कम १,०५,६०३ कोटींपर्यंत चढली. हे आकडे पाहून मला राग येत नाही, काळजी वाटते. कारण या संख्येत आपल्या गल्लीतील मुले आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी गमावलेला पैसा त्यांचा नसून वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आहे.

दुसऱ्याच्या पैशाने बाजार करण्याचे परिणाम नागपूर जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहेत. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने ‘होम ट्रेड’सारख्या दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांसाठी सव्वाशे कोटींच्या घरातील रक्कम दिली, ते रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत, आणि २००२ मध्ये हे उघडकीस आले, डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणी दोषींना शिक्षा सुनावली. तो निर्देशांकाचा सौदा नव्हता आणि त्यात मंदीचाही दोष नव्हता. परंतु ठेवी शेतकऱ्यांच्या होत्या, निर्णय दुसऱ्यांचा होता, आणि दोहोंच्या मध्ये विचारणारे कोणी नव्हते. घराच्या पातळीवर हीच रचना दिसते तेव्हा ती मोडावी. जो पैसा सौद्यात लावायचा तो कोणाचा, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे, आणि ज्याचा आहे त्याची संमती असावी.

ही पुस्तिका वाचून कोणी सौदे करण्यास प्रवृत्त व्हावे असा हेतू नाही. जे करीतच आहेत, किंवा येत्या मंदीत करणारच आहेत, त्यांनी ते डोळसपणे करावे, आणि ज्यांचा हिशेब ‘करू नये’ असे सांगतो त्यांनी त्या उत्तराचा मान राखावा, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. वाचकाला माझी एकच विनंती आहे : पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक कोरी वही घ्यावी, तिच्या पहिल्या पानावर या व्यवहारासाठी वेगळी काढलेली रक्कम आणि ती पूर्णपणे गेल्यास घरचा खर्च किती महिने चालेल हे लिहावे, आणि ते पान घरच्या माणसांना दाखवावे. त्यांनी नको म्हटले, तर पुस्तिका मिटून ठेवावी.

नागपूर